छापील अर्जांवरील बारकोड स्कॅनरने खात्रीने वाचावा, यासाठी छपाईत काय काळजी घ्यावी?

दप्तरदार

नमस्कार. पुण्यातील पेठ भागातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी दप्तराचे काम पाहतो. येत्या वर्षापासून प्रत्येक प्रवेशअर्जावर उभ्या रेघांचा बारकोड छापायचा, भरून आलेले अर्ज आणि त्यांना जोडलेली कागदपत्रे फीडर असलेल्या स्कॅनरमधून गठ्ठ्याने घालायची आणि बारकोडमधील क्रमांकावरून संगणकाने प्रत्येकाची फाईल आपोआप वेगळी करायची, असा संस्थेचा बेत आहे.

नमुन्यादाखल कार्यालयातील लेझर प्रिंटरवर काही अर्ज छापले. हातात धरायच्या स्कॅनरने ते सर्व वाचले. फीडरमधून घातल्यावर मात्र त्यांतले काही वाचले गेले नाहीत, आणि एका अर्जाच्या क्रमांकातील एक आकडा चक्क बदलून आला. हे सर्व अर्ज डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसतात. क्रमांक अक्षरे व आकडे मिळून आहे, वर्डमध्ये बारकोडचा फॉन्ट लावून तो छापला आहे आणि भोवती शोभेची बारीक चौकट आहे. अधिक महागाचा स्कॅनर घ्यावा, असे कार्यकारिणीतील एका सदस्यांचे मत आहे. तो खर्च करण्यापूर्वी येथील जाणकारांचे म्हणणे ऐकावे, म्हणून हा धागा काढला आहे.

खडकवासलेकर

एवढा खटाटोप कशासाठी? क्यूआर कोड छापावा. चहाच्या टपरीवरही तो वाचला जातो.

टंकजुळारी

खडकवासलेकर, टपरीवर समोरचा माणूस मोबाईल हलवून, पुढेमागे करून तो कोड वाचतो. फीडरमधून कागद एकदाच जातो आणि त्याची जी प्रतिमा मिळेल ती मिळेल. ते असो, क्यूआरच्या गुणदोषांबद्दल इतर मंडळी लिहितीलच.

दप्तरदार, माझे आयुष्य नारायण पेठेतील छापखान्यात गेले आहे, त्यामुळे मी छपाईपुरतेच बोलतो. नवा स्कॅनर घेण्याची घाई करू नये. बारकोड वाचला जाईल की नाही, याचा बराचसा निकाल कागद प्रिंटरमधून बाहेर पडतो तेव्हाच लागलेला असतो. सर्वांत अरुंद रेघेच्या जाडीला या धंद्यात ‘एक्स’ म्हणतात. प्रिंटर रेघ ओढत नाही, तो ठिपके मांडतो. ६०० डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके मांडणाऱ्या) लेझर प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो. एक्स बरोबर ८ ठिपक्यांचा ठेवला, तर अरुंद रेघ ०.३३९ मिलिमीटरची होते आणि बारकोडमधील प्रत्येक अरुंद रेघ अगदी सारखी येते. तोच बारकोड ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्याने ९७ टक्के आकारात छापला गेला, तर ८ ठिपक्यांच्या जागी ७.७६ ठिपके हवे होतात. पाऊण ठिपका छापता येत नसल्याने प्रिंटर काही रेघा ८ ठिपक्यांच्या आणि काही ७ ठिपक्यांच्या काढतो. डोळ्याला हा फरक कळत नाही. परंतु रुंद रेघ कोणती आणि अरुंद कोणती, यावरच ज्याचा अर्थ ठरतो त्या चिन्हात ही तफावत थेट चुकीच्या बाजूला जमा होते. लेबल छापणाऱ्या २०३ डीपीआयच्या थर्मल प्रिंटरवर तर हे आणखी बोचते. तेथे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा असतो. म्हणून एक्स ०.२५ किंवा ०.३७५ मिलिमीटर घ्यावा, मधला ०.३३ घेऊ नये. छपाईच्या खिडकीत आकार १०० टक्के आहे ना, हे आधी पाहावे आणि टोनर वाचवण्याचा पर्याय बंद ठेवावा.

दुसरी गोष्ट त्या चौकटीची. बारकोडच्या डाव्या व उजव्या बाजूस एक्सच्या किमान १० पट जागा कोरी लागते. कोड ३९ आणि कोड १२८ या बारकोडच्या दोन्ही पद्धतींना हा नियम लागू आहे. एक्स ०.३३९ असेल तर दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन मिलिमीटर जागा झाली; मी स्वतः ५ मिलिमीटरच्या खाली जात नसे. कोड कोठे सुरू झाला, हे यंत्राला त्या कोऱ्या जागेवरून उमगते. चौकटीची उभी बाजू त्या जागेत आली की तीही बारकोडचीच एक रेघ ठरू शकते. गिऱ्हाइकांना चौकटी, वेलबुट्टी आणि बोधचिन्ह यांची हौस फार, आणि ती नेमकी याच जागेत भागवली जाते. चौकट काढून टाकावी.

रंगाबद्दलही एक सांगतो. हातातले बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात. लाल, केशरी किंवा मोतिया कागदावर काळ्या रेघा त्यांना चालतात. लाल किंवा केशरी शाईतील रेघा मात्र त्यांना जवळजवळ पांढऱ्याच दिसतात. संस्थेचा रंग भगवा आहे म्हणून बारकोडही भगवा, असा आग्रह एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे धरला होता. पांढऱ्यावर काळे, यापलीकडे जाऊ नये.

कळफलक

टंकजुळारी काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी यात संगणकाच्या बाजूने भर घालतो.

वर्डमध्ये सहज लावता येणारा फॉन्ट बहुधा कोड ३९ चा असतो. ही पद्धत १९७४ सालची आहे. प्रत्येक अक्षरात ९ घटक, त्यांपैकी ३ रुंद, म्हणून नाव ३९. सुरुवातीला आणि शेवटी तारांकन दिले की झाले, बाकी गणित काही नाही. म्हणूनच ती फॉन्टच्या रूपात इतकी पसरली. तिच्या दोन उणिवा आपल्या कामात आड येतात. एक म्हणजे तिच्यात तपासणीचा अंक (बाकीच्या चिन्हांवरून गणिताने काढलेला, चूक पकडणारा अंक) ऐच्छिक आहे आणि नुसता फॉन्ट लावणारे तो कधीच घालत नाहीत. आपला बदलून आलेला आकडा बहुधा याच दारातून आत शिरला असावा. दुसरी उणीव जागेची. कोड १२८ ही १९८१ सालची पद्धत असून तिच्यात तपासणीचे चिन्ह सक्तीचे आहे. सर्व चिन्हांच्या भारित बेरजेला १०३ ने भागून उरलेली बाकी कोडातच छापली जाते आणि ती जुळली नाही, तर स्कॅनर क्रमांक देतच नाही. शिवाय तिच्या ‘सी’ संचात दोन आकड्यांना मिळून एकच चिन्ह लागते. त्यामुळे १० आकड्यांचा क्रमांक कोड १२८ मध्ये ९० एकक रुंदीत (एक एकक म्हणजे एक एक्स) बसतो, तर कोड ३९ मध्ये रुंद रेघ अरुंदीच्या तिप्पट धरल्यास त्यालाच १९१ एकके लागतात. एक्स ०.३३९ मिलिमीटर असताना हे अनुक्रमे सुमारे साडेतीस आणि पावणेपासष्ट मिलिमीटर झाले. अर्जाच्या अरुंद समासात कोड ३९ बसवायचा म्हणजे एक्स कमी करावा लागतो आणि तेथूनच दुखणे सुरू होते.

हा फायदा मिळवायचा तर क्रमांक निव्वळ आकड्यांचा हवा. ‘प्रा’ म्हणजे प्राथमिक, पुढे वर्ष, पुढे शाखा, असा अर्थ बारकोडात कोंबू नये. एक साधा अनुक्रमांक द्यावा आणि त्याचा अर्थ संगणकातील तक्त्यात ठेवावा. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक किंवा जन्मतारीख तर कोडात मुळीच घालू नये. बारकोड म्हणजे कुलूप नव्हे, कोणीही तो मोबाईलने वाचू शकतो.

आणि कृपया वर्डमधील फॉन्ट सोडावा. तारांकनांमध्ये लिहिलेला मजकूर आपोआप ठळक करण्याची सोय वर्डमध्ये चालू असेल, तर ती दोन्ही तारांकने गिळून टाकते आणि सुरुवात-शेवट नसलेला बारकोड छापला जातो. कोड १२८ मध्ये तर तपासणीचे चिन्ह आधी काढावे लागते, ते फॉन्टला स्वतःहून जमत नाही. एखाद्या मोफत प्रणालीकडून बारकोड तयार करून घ्यावा आणि तो पीडीएफमध्ये रेषाचित्राच्या रूपात बसवावा. जेपीईजी चित्र म्हणून चिकटवल्यास रेघांच्या कडा धूसर होतात.

टंकजुळारी

कोड ३९ ला इतके नावे ठेवू नका. तपासणीचा अंक घालून, ऐसपैस जागेत छापलेला कोड ३९ आमच्या वेळी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला आहे. खराब कागदावर शाई पसरली, तरी रुंद-अरुंद हा दोनच जाड्यांचा भेद तग धरतो; कोड १२८ मध्ये चार जाड्या ओळखाव्या लागतात.

कळफलक

काका, शाई पसरण्याबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. इंकजेट आणि हलका, सच्छिद्र कागद असता, तर मीही थोडा थांबलो असतो. येथे लेझर प्रिंटर आहे आणि क्रमांक आकडीच करता येतो, म्हणून माझे मत कोड १२८ च्याच बाजूने राहील. ‘इंटरलीव्हड टू ऑफ फाइव्ह’ ही फक्त आकड्यांची बारकोड पद्धत मात्र कोणी सुचवू नये. त्यात तिरकी वाचनरेघ कोडाच्या मधूनच बाहेर पडली, तर कमी आकड्यांचा क्रमांकही वैध म्हणून वाचला जाऊ शकतो.

ग्रंथपालिका

ग्रंथालयाच्या अनुभवावरून एक अवांतर वाटेल अशी, पण मराठी कार्यालयांत हमखास येणारी अडचण सांगते. हातातला स्कॅनर संगणकाला कळफलकासारखा जोडलेला असतो. म्हणजे तो क्रमांक ‘टंकतो’. त्या वेळी संगणकावर मराठी कळफलक चालू असेल, तर कोडातील रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे उमटतात आणि बारकोडच बिघडला आहे, असा सगळ्यांचा समज होतो. निव्वळ आकडी क्रमांकाचा हा आणखी एक फायदा समजावा. तरीही क्रमांकाच्या रकान्यात जाताना कळफलक इंग्रजीवर आणण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावावी.

दप्तरदार

सर्वांचे आभार. चौकट काढून आणि १०० टक्के आकारात पुन्हा छापून पाहिले. पुष्कळ सुधारणा झाली, परंतु फीडरमधून जाताना अधूनमधून एखादा अर्ज अजूनही अडतो. गंमत म्हणजे अडले की लागोपाठ बरेच अर्ज अडतात, आणि मग काही वेळाने सगळे सुरळीत होते. असे का व्हावे?

रोलरवाला

मी झेरॉक्स यंत्रे आणि स्कॅनर यांची दुरुस्ती करतो. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सुटे भाग शोधत फिरणाऱ्यांपैकी मी एक. दप्तरदार साहेब, लागोपाठ अडतात, या आपल्या एका वाक्यात उत्तर आहे. कागद पाहू नका. त्या अर्जांची स्कॅन झालेली प्रतिमा संगणकावर मोठी करून पाहा. पानाच्या वरपासून खालपर्यंत गेलेली केसासारखी बारीक रेघ तुम्हाला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

फीडरच्या स्कॅनरमध्ये वाचणारी काच स्थिर असते आणि कागद तिच्यावरून सरकतो. काचेच्या त्या अरुंद पट्टीवर धुळीचा कण, डिंकाचा ठिपका किंवा पांढऱ्या खोडशाईचा कपचा बसला, की तो एकच ठिपका प्रत्येक कागदावर सरकण्याच्या दिशेने लांबच लांब रेघ होऊन उमटतो. पुढे एखाद्या कागदाने तो कण पुसून नेला की सगळे आपोआप बरे होते. सपाट काचेवर झाकण उघडून ठेवलेल्या कागदाला ही बाधा होत नाही. तेथे कण हा कणच राहतो.

आता बारकोडशी याचा संबंध पाहा. आपला अर्ज आखूड बाजूने आत जात असावा, म्हणजे कागद लांबीच्या दिशेने सरकतो. बारकोड नेहमीप्रमाणे आडवा छापला, की त्याच्या रेघा त्याच दिशेने उभ्या असतात. साध्या बारकोडचे बळ असे की त्याची सगळी माहिती एकाच आडव्या ओळीत असते आणि उंचीभर तीच पुन्हापुन्हा असते. वरच्या भागावर शिक्का पडला तर खालच्या भागातून वाचता येते. कणाने उमटवलेली रेघ मात्र उंचीभर एकाच जागी असते. वरून वाचा की खालून, प्रत्येक ओळीत तीच आगंतुक रेघ आडवी येते आणि उंचीचा काही उपयोग उरत नाही.

तोच बारकोड ९० अंशांत फिरवून उजव्या समासात छापला, तर त्याच्या रेघा कागद सरकण्याच्या दिशेला काटकोनात येतात. मग कणाची रेघ सर्व रेघांना एकाच जागी छेदून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोरा करकरीत बारकोड शिल्लक राहतो. वाचणाऱ्या प्रणालीला तेवढे पुरते. यालाही एक किंमत आहे, ती लपवत नाही. रोलर झिजून कागद घसरत असेल, तर सरकण्याच्या दिशेने प्रतिमा ताणली किंवा आक्रसली जाते आणि फिरवलेल्या बारकोडच्या रेघांची जाडी बदलते. परंतु घसरणारा रोलर बदलता येतो, पुण्याची धूळ बदलता येत नाही. रोज सकाळी मऊ, कोरड्या फडक्याने काचेची पट्टी पुसावी, हे सांगायला नकोच. तरी सांगतो, कारण मी ज्या कार्यालयांत जातो, तेथे ती पट्टी कोठे आहे हेच बहुतेकांना माहीत नसते.

स्कॅनरच्या मांडणीकडेही एकदा पाहावे. २०० डीपीआय आणि निव्वळ काळे-पांढरे असे ठेवले असेल, तर एक बिंदू ०.१२७ मिलिमीटरचा होतो. ०.२५ मिलिमीटरच्या रेघेला जेमतेम दोन बिंदू मिळतात आणि काठावरचा बिंदू काळा धरायचा की पांढरा, या निर्णयात रेघ दीडपट जाड किंवा निम्मी होऊ शकते. ३०० डीपीआय आणि करड्या छटा ठेवल्या, तर ०.३३९ च्या रेघेला चार बिंदू मिळतात. फाईलचा आकार वाढतो, तो वाढू द्यावा. बारकोड वाचून झाल्यावर साठवण्याची प्रत हलकी करता येते. ‘ठिपके काढून टाका’ ही सफाईची सोय मात्र वाचनापूर्वी चालवू नये.

खडकवासलेकर

वरची चर्चा वाचून माझा उतावळेपणा कमी झाला आहे, तरी मुद्दा सोडत नाही. क्यूआरमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय अंगभूत आहे. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. साध्या बारकोडात तशी दुरुस्ती नाही, फक्त चूक ओळखता येते.

कळफलक

मुद्दा बरोबर आहे. सर्व यंत्रे कॅमेऱ्याने वाचणारी असतील आणि माहिती लांबलचक असेल, तर मीही क्यूआर किंवा त्यासारखाच चौकोनी डेटा मॅट्रिक्स कोड घेईन. येथे माहिती १० आकड्यांची आहे, आणि लेझर किरणाने वाचणारे हातातले जुने स्कॅनर अजून अनेक कार्यालयांत आहेत. ते क्यूआर वाचूच शकत नाहीत. दप्तरदार, आपल्याकडील स्कॅनर कोणत्या प्रकारचा आहे, ते एकदा पाहावे.

तपासनीस

मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करते. रक्ताच्या पिशव्यांच्या लेबलांसाठी जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यातील रेघांचा बारकोड कोड १२८ चाच असतो, म्हणून येथे लिहावेसे वाटले. आतापर्यंतची बहुतेक चर्चा ‘वाचला जात नाही’ या तक्रारीभोवती झाली आहे. माझ्या दृष्टीने तो लहान त्रास आहे. न वाचलेला अर्ज बाजूला पडतो आणि कोणीतरी क्रमांक हाताने घालतो. दप्तरदारांच्या पहिल्या प्रतिसादात ओझरता आलेला बदललेला आकडा ही खरी काळजीची बाब आहे, कारण तेथे एका मुलाचा जन्मदाखला दुसऱ्या मुलाच्या फाईलमध्ये शांतपणे जाऊन बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

कोड १२८ चे तपासणीचे चिन्ह फक्त यंत्राच्या वाचनाचे रक्षण करते. क्रमांक हाताने टंकावा लागला, की त्याचा उपयोग शून्य. म्हणून क्रमांकातच स्वतःचा एक तपासणी अंक असावा. स्पीड पोस्टच्या पावतीवरील क्रमांक पाहावा: दोन अक्षरे, आठ आकडे, नववा तपासणीचा अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ लिहायचे. उदाहरणार्थ, ४७३१२४८२ या आकड्यांची अशी बेरीज २०० येते, बाकी २ उरते आणि तपासणीचा अंक ९ ठरतो. हीच रीत आपल्या अर्जांनाही लावता येईल. सोबत संगणकाला दोन बंधने घालावीत: ठरलेल्या लांबीचा नसलेला क्रमांक घ्यायचा नाही, आणि यंदा छापलेल्या अर्जांच्या यादीत नसलेला क्रमांकही घ्यायचा नाही.

टंकजुळारी

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर हवा होता.

जागेबद्दल थोडे राहिले होते. आपल्याकडच्या अर्जावर डाव्या वरच्या कोपऱ्यात स्टेपल असते, डाव्या समासात पंचिंगची भोके, उजव्या वरच्या कोपऱ्यात आवकेचा शिक्का आणि खाली उजवीकडे सही. पाकिटात जाणाऱ्या कागदाला शिवाय दोन घड्या. रोलरवाले म्हणतात तसा फिरवलेला कोड उजव्या समासात, पानाच्या मध्याच्या थोडा वर घ्यावा, म्हणजे या सर्वांतून तो सुटेल. घडी कोठे पडते, ते पाकीट हातात घेऊन पाहावे. रेघांची लांबी १२ मिलिमीटर तरी ठेवावी. कागद तिरका गेला, तरी एखादी सरळ ओळ सर्व रेघांतून आरपार गेली पाहिजे.

छापखान्याला काम देणार असाल, तर ‘बारकोड वाचला गेला पाहिजे’ एवढेच लिहून देऊ नये. वाचला गेला, हे त्या दिवसापुरते आणि त्या यंत्रापुरते असते. आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे बारकोडची प्रत ठरते. तपासणी यंत्र कोडाच्या उंचीभर सहसा दहा ठिकाणी वाचन घेते आणि काळ्या-पांढऱ्यातील फरक, रेघांतील डाग, जाडीतील अचूकपणा अशा बाबींवरून श्रेणी देते. ते यंत्र महाग असते, संस्थेने विकत घेण्याची गरज नाही. पण श्रेणीची अट कामाच्या पत्रात लिहिली, की छापणारा हात जपून चालतो.

दप्तरदार

रोलरवाल्यांचा अंदाज खरा ठरला. अडलेल्या प्रत्येक प्रतिमेत बारकोडच्या उजव्या भागातून तीच बारीक रेघ गेलेली आहे. क्रमांक बदलून आलेल्या अर्जात मात्र ती नाही. तेथे रेघांची जाडीच असमान दिसते, म्हणजे ते प्रकरण आकार कमी होऊन छापल्याचे असावे. महागाच्या स्कॅनरचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. नवा अर्ज असा करत आहोत: कोड १२८, दहा आकड्यांचा क्रमांक, त्यातला शेवटचा अंक तपासणीचा, बारकोड उजव्या समासात फिरवलेला, चौकट नाही. आमच्याकडील हातातला स्कॅनर लेझरचाच निघाला, त्यामुळे क्यूआरचा प्रश्नही मिटला.

एक शंका उरली आहे. संस्थेचा सर्व व्यवहार मराठीत चालतो, तेव्हा बारकोडखालचा क्रमांक देवनागरी आकड्यांत छापावा, असा आग्रह आहे. त्याने काही बिघडेल का?

कळफलक

रेघांमध्ये देवनागरी आकडे थेट घालता येत नाहीत. कोड १२८ रोमन अक्षरे व आकड्यांच्या मूळ १२८ चिन्हांपुरता आहे. खालची ओळ माणसांसाठी असल्याने ती देवनागरीत छापायला हरकत नाही. दोन्ही एकाच तक्त्यातील एकाच रकान्यातून तयार व्हावेत, एवढे पाहावे. खालची ओळ वेगळी टंकली, तर रेघा एक सांगतील आणि आकडे दुसरेच. हाताने क्रमांक घालताना काहीजण ‘१५७’ टंकतील आणि काहीजण इंग्रजी आकड्यांत, म्हणून प्रणालीने दोन्ही स्वीकारून आत एकाच रूपात साठवावेत.

ग्रंथपालिका

देवनागरीत छापताना टंक ठळक आणि मोठा घ्यावा. लहान आकारात, विशेषतः झेरॉक्स प्रतीवर, १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात. आमच्या जुन्या दाखलपत्रकांवर याचा पुरेसा अनुभव घेतलेला आहे.